घरासाठी छोटा डेस्कटॉप: डब्याचं माप नंतर, आधी पिढी विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि पुढच्याच आठवड्यात सांगलीहून मावशीचा फोन आला. “अरे, संगणक उघडला की पडदाभर कसली तरी पाटी येते. काका म्हणतात व्हायरस शिरलाय. मी आपली वायरच काढून ठेवलीय.”

व्हायरस वगैरे काही नव्हतं. ‘पाठिंबा संपला’ म्हणजे संगणक बंद पडत नाही, कालच्यासारखाच चालतो. फक्त विंडोजमध्ये नवं भोक सापडलं की ते बुजवणारा माणूस येणं थांबतं. घराचं कुलूप तेच, पण चोरांना नवी किल्ली सापडली तर कुलूप बदलून द्यायला कुणी नाही. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते. तीही मावशीला करून दिली. पण टेबलाखालचा तो पेटारा २०१४ चा. चालू करून चहा टाकावा, चहा पिऊन यावं, तेव्हा कुठे माऊस हलतो. काका त्यावर सोसायटीचे हिशोब लिहितात, नातवाला सीईटीचे फॉर्म भरायचे असतात, आणि मावशीला केर काढताना तो पेटारा पायात येतो. फर्मान निघालं: “छोटासा बघ काहीतरी. पंचवीस हजारांत सगळं बसव.”

गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहून काढावं म्हटलं.

छोटा म्हणजे किती छोटा?

दुकानात ‘मिनी पीसी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली, कंपन्यांच्या ऑफिसांसाठी बनलेला डबा. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क किंवा प्रोडेस्क मिनी, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी. लांबी-रुंदी १८-१८ सेंटिमीटर, जाडी साडेतीन. गुणाकार केलात तर लिटरभराहून थोडंसंच जास्त भरतं, म्हणून या जातीला ‘एक लिटरवाले’ म्हणायची पद्धत आहे. बँकेत खिडकीपलीकडे मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला जो काळा डबा दिसतो, तोच हा.

दुसरी, तळहातावर मावणारा नवा मिनी पीसी. ही वाट प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलनंच ‘नक’ नावाच्या डब्यांनी रुळवली. २०२३ मध्ये त्यांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि ते काम आसुसकडे गेलं. आज या आकारात माहितीतल्या कंपन्यांचे डबे आहेत, तसे कधी नाव न ऐकलेल्यांचेही ढीगभर आहेत.

तिसरी, ॲपलचा मॅक मिनी. २०२४ च्या शेवटी आलेला एम४ चिपचा मॅक मिनी १२.७ सेंटिमीटर चौरस आणि पाच सेंटिमीटर उंच आहे. यंत्र म्हणून उत्तम. पण भारतात तो ५९,९०० रुपयांना आला, त्यामुळे मावशीच्या पंचवीस हजारांच्या गोष्टीतून तो इथेच बाहेर पडला.

एक सावधगिरी. दुकानदार ‘एसएफएफ’ (स्मॉल फॉर्म फॅक्टर) म्हणाला तर तो डबा जाड आणि ब्रीफकेसएवढा असतो. वाईट नसतो, पण टेबलावर बऱ्यापैकी जागा खातो. छोटाच हवा असेल तर ‘टायनी’, ‘मायक्रो’ किंवा ‘मिनी’ असं स्पष्ट सांगायचं.

आत काय असतं, आणि जुना संगणक रांगतो का?

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. रॅम म्हणजे ओटा. चालू कामाचं सगळं त्यावर मांडलेलं. आणि डिस्क म्हणजे फडताळ, जिथे डबे कायमचे असतात. ओटा लहान असेल तर एक पातेलं उचलून फडताळात ठेवल्याशिवाय दुसरं मांडता येत नाही. बारा टॅब उघडल्यावर संगणक अडखळतो तो याच कारणानं.

मावशीच्या पेटाऱ्यात मात्र खरा अडथळा फडताळाचा होता. त्यात जुनी हार्ड डिस्क होती, म्हणजे गरगर फिरणारी तबकडी. मिनिटाला ७,२०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद, वर सुई सरकायचा वेळ वेगळा. चार मिलिसेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण विंडोज सुरू होताना हजारो बारीकसारीक फायली उचलाव्या लागतात आणि दर फायलीला हीच कसरत. एसएसडी ही नव्या जातीची डिस्क. तिच्यात फिरणारं काही नसतंच, सगळं चिपवर लिहिलेलं. तीच उचल ती एक मिलिसेकंदाच्याही लहानशा अंशात करते.

म्हणून माझं पहिलं मत: घरच्या कामासाठी वेगाचा निम्म्याहून जास्त फरक एसएसडी करते. हार्ड डिस्कवर चालणारा नवा कोरा संगणकसुद्धा घेऊ नका, कितीही ‘१ टीबी’ म्हणून गळ्यात मारला तरी. २५६ जीबीची एसएसडी घरी पुरते. लग्नाचे व्हिडिओ आणि वीस वर्षांचे फोटो असतील तर ते बाहेरच्या डिस्कवर ठेवा, आणि तसे ते दोन ठिकाणी असायलाच हवेत.

‘आय-फाइव्ह आहे’ म्हणजे नक्की काय आहे?

काहीच नाही. ‘आय-फाइव्ह आहे’ म्हणणं म्हणजे ‘कोल्हापूरचे पाटील आहेत’ म्हणण्यासारखं. कुठले पाटील ते कळल्याशिवाय पुढे बोलणं व्हायचं नाही.

इंटेलनं आपल्या प्रोसेसरांना आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नावं वर्षानुवर्षं दिली. मधल्या काळात प्रोसेसरच्या चिपा पार बदलल्या, नाव तेच राहिलं. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. ‘आय५-८५००टी’ घ्या. रेघेनंतरचा ८ म्हणजे आठवी पिढी. ‘आय५-६५००टी’ असेल तर सहावी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन घ्यायचे: ‘१०५००’ म्हणजे दहावी. चार अंकी आकडा १ नं सुरू झाला, उदाहरणार्थ ‘११३५’, तर तो लॅपटॉपच्या चिपचा असतो आणि तिथेही पहिलेच दोन घ्यायचे, म्हणजे अकरावी. शेवटचा ‘टी’ सांगतो की ही चिप ३५ वॉटमध्ये भागवणारी आहे, म्हणूनच ती इतक्या लहान डब्यात बसते.

आता गंमत बघा. सहाव्या पिढीच्या आय५-६५००टी मध्ये चार गाभे आहेत, म्हणजे चार हात एकाच वेळी कामाला. आठव्या पिढीच्या आय५-८५००टी मध्ये सहा. आठव्या पिढीच्या आय-थ्रीमध्येही चार! त्यामुळे जुन्या आय-सेव्हनचा रुबाब ऐकून त्याला नव्या आय-थ्रीपेक्षा जास्त पैसे मोजणारे लोक असतात, आणि दुकानदार त्यांना कशाला अडवेल?

नव्या तळहाती डब्यांत बहुधा ‘एन१००’ नावाची चिप असते. ती २०२३ च्या सुरुवातीला आली. चार गाभे, सहा वॉट. हिशोब, ब्राउझर, ऑनलाइन तास, पिक्चर यांना ती पुरते. ताकद साधारण आठव्या पिढीच्या आय-थ्रीच्या आसपास धरा. व्हिडिओच्या बाबतीत तर ती वरचढ आहे. यूट्यूब व्हिडिओ घडी घालून पाठवतं आणि ती घडी आपल्या संगणकाला उलगडावी लागते. एव्ही१ नावाची नवी घडी उलगडायची सोय एन१०० च्या चिपमध्येच आहे. आठव्या पिढीत त्याआधीच्या व्हीपी९ घडीपर्यंतच आहे. रोजच्या वापरात आठवीवाल्याचं फार अडत नाही.

आठव्या पिढीवर एवढा भर का?

कारण विंडोज ११. मायक्रोसॉफ्टनं ज्या चिपांना मान्यता दिली, त्या यादीत इंटेलची ढोबळमानानं आठवी पिढी आणि तिच्यापुढच्या येतात. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या रायझन चिपांत बहुतेक २००० मालिकेपासून पुढच्या. शिवाय टीपीएम २.० लागतं, म्हणजे पासवर्ड-किल्ल्या जपणारी संगणकातली छोटी तिजोरी.

बाजारात सहाव्या-सातव्या पिढीचे डबे त्यामुळेच स्वस्त झालेत. दुकानदार सांगेल, “साहेब, यावर पण विंडोज ११ टाकून देतो.” देतोही. तपासणी चुकवून ते बसवता येतं. पण मान्यता नसलेल्या संगणकाला विंडोजची मोठी वार्षिक आवृत्ती आपोआप मिळत नाही, आणि बाकीच्या अपडेट्सचीही मायक्रोसॉफ्ट हमी देत नाही. विंडोज १० च्या कटकटीतून सुटायला पैसे खर्च करायचे आणि दोन वर्षांत तिथेच यायचं, यात काय हशील?

विंडोजच नको असेल तर मात्र ही अट गळून पडते. त्याच्या जागी बसणारं लिनक्स मिंट फुकट आहे, जुन्या चिपांवर मजेत चालतं, त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि त्यात मराठीही टाइप होतं. मी स्वतः वापरतो. पण काकांनी एमएस-सीआयटीत एक्सेल शिकलंय आणि सोसायटीची फाइल त्यातच आहे. पंचाहत्तरीतल्या माणसाला ‘हे एक्सेलसारखंच आहे’ असं पटवायची माझी तयारी नाही.

रॅम आठ की सोळा?

विंडोज ११ ची किमान अट चार जीबीची आहे. ती कागदावरच ठेवा. आठवर घर चालतं, सोळावर सुखानं चालतं.

एरवी मी सांगितलं असतं, आठ घ्या आणि गरज पडली की वाढवा. पण २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. रॅमच्या चिपा बनवणारे मोठे कारखाने जगात मोजकेच, आणि त्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटर्सकडे, कारण तिथे पैसा जास्त. त्यांतल्याच मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे नंतर वाढवण्यापेक्षा आत आधीच सोळा असलेला डबा थोडे जास्त देऊन घेणं सध्या परवडतं. दोन्हींचा भाव विचारून फरक काढा, मग ठरवा.

एक लिटरवाल्या डब्यांत लॅपटॉपची रॅम बसते आणि बहुतेकांत तिच्यासाठी दोन खाचा असतात. बऱ्याच तळहाती डब्यांत एकच खाच असते, किंवा रॅम बोर्डावर कायमची डकवलेली असते. ते आधीच विचारा.

जुना माल घ्यायचा?

हो. माझ्या मते पंचवीस हजारांत ऑफिसातून निवृत्त झालेला एक लिटरवालाच घ्यावा.

मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी सगळे संगणक एकदम बदलतात. ते बिघडलेले नसतात, वॉरंटी संपलेली असते. घाऊक व्यापारी ते उचलतात, साफ करतात, ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तापकीर गल्ली, हा माल सगळीकडे आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी, २५६ ची एसएसडी असा डबा मला साधारण बारा ते अठरा हजारांत सांगितला गेला. रॅममुळे हा आकडा हलता आहे.

हे डबे बारा-बारा तास चालण्यासाठी बनवलेले असतात. मावशीकडे नेण्याआधी मी तिचा उघडून बघितला. मागे एकच स्क्रू. तो काढला की झाकण पेटीच्या ड्रॉवरसारखं पुढे सरकतं. आत सुपारीच्या डबीएवढा पंखा, त्याच्या पात्यांवर कुठल्या तरी ऑफिसच्या कार्पेटची राखाडी धूळ, रॅमची एक पट्टी आणि शेजारी रिकामी खाच. जुन्या ब्रशनं पंधरा मिनिटांत काम झालं. नाण्याएवढा सीआर २०३२ सेल बदलून टाकला. तो मेला की संगणक दर वेळी तारीख विसरतो, आणि मग बँकेची वेबसाइट उघडत नाही म्हणून लोक इंटरनेटवाल्याशी भांडत बसतात.

पण फसगतही होते. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी असाच एक डबा घेतला. घरी आणून पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला गेलो, तर बायोसनं पासवर्ड मागितला. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा, संगणकाला कुठून सुरू व्हायचं ते सांगणारा भाग. आधीच्या कंपनीनं घातलेलं कुलूप तसंच होतं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणतो, “साहेब, तिथे तुम्हाला काम काय? विंडोज चालतंय ना?” तिसऱ्या फेरीला बदलून मिळाला, रिक्षाभाडं माझं.

तेव्हापासून काउंटरवरच चार गोष्टी करतो. चालू होतानाच बायोसमध्ये शिरून बघतो, पासवर्ड मागितला तर डबा परत. मग विंडोज अगदी पहिल्यापासून, इंटरनेट जोडून सुरू करायला लावतो. मध्येच एखाद्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा ईमेल मागितला, तर तो डबा अजून त्या कंपनीच्या नोंदीत अडकलेला आहे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबायचं: टास्क मॅनेजरमध्ये चिपचा पूर्ण आकडा, रॅम आणि किती खाचा भरल्या आहेत ते दिसतं. शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावून एसएसडीची तब्येत. दुकानदार जरा वैतागतो, वैतागू द्यावं. बिलावर सीरियल नंबर आणि किती महिन्यांची वॉरंटी ते लिहून घ्यायचं. तोंडी वॉरंटी दुकानाच्या पायरीवरच संपते.

ॲडॉप्टरही उलटा करून पाहा. त्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि ‘आर-’ नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. मूळ ॲडॉप्टर ठेवून घेऊन नकली देणारे महाभाग आहेत.

नवाच हवा असेल तर एन१०० वाला घ्या, पण ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या जिल्ह्यात आहे तिचा. काही अनोळखी मिनी पीसींमध्ये कारखान्यातूनच हेरगिरीचं सॉफ्टवेअर आल्याचं २०२४ मध्ये उघड झालं होतं.

डब्याच्या किमतीत काय येत नाही?

इथे बजेट कोलमडतं. डबा म्हणजे नुसता डबा. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस वेगळे. ऑफिसात तारेनं इंटरनेट असतं, म्हणून यातल्या अनेक डब्यांत वायफायच नसतं; यूएसबीचा छोटा तुकडा लावावा लागतो. कॅमेरा आणि माइक नसतात, म्हणजे अमेरिकेतल्या लेकीशी व्हिडिओ कॉल करायला वेबकॅम आला.

आणि केबल. पडद्याची केबल जोडायची भोकं वेगवेगळ्या आकारांची असतात. मावशीच्या डब्याला मागे दोन डिस्प्लेपोर्ट होते, मॉनिटरला एचडीएमआय आणि व्हीजीए. रविवारी संध्याकाळी, दुकानं बंद असताना, आम्ही दोघांच्या मध्ये हताश उभे. डिस्प्लेपोर्टचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, त्यावरून ओळखायचं. दोन्हींच्या पाठी बघून केबल डब्याबरोबरच घ्या.

“घरात बत्तीस इंची टीव्ही आहे की, तो लावू!” हा काकांचा आग्रह होता. त्या मापाचे कितीतरी टीव्ही ‘एचडी रेडी’ असतात, म्हणजे आडवे १,३६६ ठिपके. बावीस इंची फुल एचडी मॉनिटरवर १,९२० असतात. कमी ठिपके मोठ्या पडद्यावर ताणले की लांबून मालिका छान दिसते, पण हातभर अंतरावर एक्सेलचे आकडे फुटतात. मॉनिटर घेतला.

मग लॅपटॉपच का नको?

संगणक घरातून हलणार असेल तर लॅपटॉपच घ्या, वाद नाही. वीज गेल्यावर तो चालू राहतो हेही खरं. पण एका जागी राहणार असेल तर त्याच पैशांत डेस्कटॉपचा पडदा मोठा, मान ताठ, आणि कीबोर्डवर चहा सांडला तर काहीशे रुपयांचा कीबोर्ड जातो, अख्खा संगणक नाही.

विजेचं म्हणाल तर एवढ्याशा डब्याला घरचा इन्व्हर्टर सहज पुरतो. फक्त त्याचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असू द्या, नाहीतर वीज जाण्या-येण्याच्या क्षणी संगणक बंद होऊन सुरू होतो. बिलाची बचत मात्र फार मोठी समजू नका. जुन्या पेटाऱ्यापेक्षा ४० वॉट कमी आणि रोज सहा तास वापर धरला, तर महिन्याला सात युनिटं वाचतात.

गेमचं काय? नातवाला विचारून घ्या. पळापळीचे मोठे गेम खेळायचे असतील तर वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ते या डब्यात बसत नाही. त्याला मोठाच पेटारा हवा आणि बजेटही.

तापत नाही का?

तापतो, पण सोसतो. ३५ वॉटची चिप आणि पंखा, एवढ्यात भागतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात बंद कपाटात कोंबू नका, जाळीच्या बाजूला चार बोटं जागा सोडा, वर्षातून एकदा धूळ काढा.

मावशीला हे सगळं दोनदा सांगितलं होतं. दिवाळीनंतर गेलो तर डब्यावर क्रोशाचा रुमाल, चारही बाजूंनी झालरीसकट, आणि वर गणपती. आत पंखा भुंग्यासारखा घोंघावत होता. “उघडा बरा दिसत नाही रे,” मावशी म्हणाली. तेव्हा जास्तीचे दोन स्क्रू आणि एक पट्टी आणून डबा मॉनिटरच्या पाठीला लावून टाकला. आता टेबलावर फक्त मॉनिटर आहे, आणि रुमाल वायफायच्या राउटरवर.